परत आलेल्यांची पंगत

पैठणचा घाट सोडून पूर्वेस निघालेली गोदावरी पुढे नांदेडास येते. या दोन गावांना जोडणाऱ्या पाण्याच्या काठी दोन कागदांची कथा गुंतलेली आहे. पहिला कागद पैठणास मागितला गेला. दुसरा लिहिला गेला दूर पंजाबात व फाडलाही गेला तेथेच. परंतु ज्या हातांनी तो फाडला, ते हात अखेर नांदेडास विसावले. दोन्ही कागदांत चारशेंहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. जो आपल्यातून गेला, भयाने गेला, मोहाने गेला, अथवा चुकीने गेला, तो दाराशी येऊन उभा राहिला तर समाजाने काय करावे? त्यास आत घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणी व कसे?

पहिल्या कागदाची हकीकत मराठी घरांत लहान मुलांसही ठाऊक असते. पैठणजवळील आपेगावचे विठ्ठलपंत काशीस गेले व पत्नी असता तिच्या मनाविरुद्ध संन्यास घेऊन बसले. गुरूस सत्य कळले तेव्हा त्यांच्याच आज्ञेने ते परत आळंदीस आले व पुन्हा संसार करू लागले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही चार मुले झाली. मुलांच्या मुंजीची वेळ आली तेव्हा ब्रह्मवृंदाने शास्त्र उघडले. संन्यासातून मागे फिरलेल्यास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असा निर्णय झाला. परंपरा सांगते की, त्या पतिपत्नीने प्रयागी जाऊन देह ठेवला. आईबाप गेले, तरी मुलांची वाट मोकळी झाली नाही. त्यांना पैठणास जाऊन शुद्धिपत्र मागावे लागले. ते शके १२०९ मध्ये, म्हणजे इ. स. १२८७ च्या सुमारास मिळाले, असे मानतात. आज जे शुद्धिपत्र म्हणून दाखविले जाते त्याच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु कथेचे मर्म त्या कागदाच्या अस्सलपणावर अवलंबून नाही. गुरूने ज्यास घरी जा म्हटले, त्यास घरच्यांनी घरात घेतले नाही, हे ते मर्म होय.

येथे पैठणच्या पंडितांना नुसती नावे ठेवून भागणार नाही. त्यांच्यापुढे खरी अडचण होती. आश्रमाचा नियम आज एकासाठी वाकविला, तर उद्या तो कोणासाठी ताठ ठेवावयाचा? प्रत्येक समाजास कुंपण लागते. कुंपण नसेल तर समाज असा राहतच नाही. परंतु कुंपणास बाहेर जाण्याचे दार आहे आणि आत येण्याचे नाही, अशी रचना झाली म्हणजे काय होते, ते आळंदीच्या त्या घरात दिसले. शिक्षेला शेवट नव्हता, म्हणून ती मुलांपर्यंत उतरली.

आता दुसऱ्या कागदाकडे वळू. इ. स. १७०४-०५ मध्ये शिखांचे दहावे गुरू श्रीगोविंदसिंग आनंदपुरास वेढ्यात अडकले होते. वेढा महिनोन् महिने चालला. किल्ल्यात धान्य संपत आले. उपासमार सुरू झाली. शत्रूकडून निरोप येत की, जो कोणी गुरूशी संबंध तोडील त्यास सुखरूप जाऊ देऊ. माझा प्रांतातील काही शीख खचले. घरी जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. गुरूंनी त्यांस म्हटले, जावयाचे तर तसे लिहून द्या. त्यांनी लिहून दिले : आम्ही तुमचे शिष्य नव्हे, तुम्ही आमचे गुरू नव्हे. या कागदास शीख परंपरेत ‘बेदावा’ म्हणतात. बेदावा म्हणजे दावा सोडल्याचा लेख, फारकत. लिहून देणारे चाळीस होते, असे परंपरा मानते.

ही माणसे गावी पोहोचली. तेथे त्यांचे स्वागत झाले नाही. झबाल गावची माई भागो नावाची एक स्त्री पुढे झाली. गुरूला भुकेल्या पोटी वेढ्यात टाकून आलेल्या पुरुषांना तिने खडसावले; पण ती खडसावून थांबली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिने स्वतः शस्त्र हाती घेतले आणि चला, परत जाऊ, असे म्हणून ती त्यांच्या पुढे निघाली. पळून आलेल्यांची निर्भर्त्सना करणारे पुष्कळ असतात. त्यांच्याबरोबर परतीची वाट चालणारे विरळा.

मध्यंतरी आनंदपूर सुटले होते. चमकौर येथे गुरूंचे दोन थोरले पुत्र लढता लढता पडले. दोन धाकट्यांस सरहिंद येथे मारण्यात आले. गुरू पाठलाग चुकवीत माळव्याच्या रुक्ष प्रदेशात खिद्राणा नावाच्या तळ्याजवळ आले. येथे माळवा म्हणजे पंजाबातील सतलजच्या दक्षिणेचा मुलूख. पाठलाग करणारे मोगल सैन्य या तळ्याशी आले, तेव्हा त्याच्या वाटेत उभे राहिले ते माई भागो व बेदावा लिहून देणारे लोक. पाणी हाती लागू न शकल्याने मोगल सैन्यास अखेर मागे फिरावे लागले. परंतु ते चाळीस जण पडले. लढाई संपल्यावर गुरू रणभूमीवर आले. महानसिंग नावाच्या एकात अजून धुगधुगी होती. काय हवे, असे गुरूंनी विचारले. त्याने स्वर्ग मागितला नाही, वंशाचे कल्याण मागितले नाही. तो कागद फाडावा, एवढेच मागितले. गुरूंनी जवळचा बेदावा काढून त्याच्या डोळ्यांदेखत फाडला. त्या तळ्याचे गाव पुढे मुक्तसर झाले. त्या चाळिसांस ‘मुक्ते’ म्हणतात आणि शिखांच्या नित्याच्या अरदासेत त्यांचे स्मरण केले जाते.

या प्रसंगातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एवढी धावपळ, एवढा नाश, घरदार व ग्रंथसंपदा गमावलेली, आणि तरीही तो कागद गुरूंजवळ शिल्लक होता, असे ही कथा सांगते. तो त्यांनी सूडासाठी जपला नव्हता. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या समोरच तो नाहीसा व्हावयास हवा होता. पैठणास कागद मिळाल्यावाचून मुलांना आत येता येईना. खिद्राण्यास कागद नाहीसा झाला तेव्हा माणसे आत आली.

माई भागो त्या लढाईतून वाचली. पुढे ती गुरूंच्या बरोबर राहिली. औरंगजेब १७०७ साली वारला आणि त्याचा पुत्र बहादुरशहा दक्षिणेत उतरला. त्याच्या छावणीबरोबर गुरू प्रवास करीत १७०८ साली नांदेडास आले, तेव्हा माई भागोही गोदातीरी आली. नांदेडासच ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी देह ठेवला. यापुढे कोणी देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. त्या ग्रंथात नांदेडहून फार दूर नसलेल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मराठी वाचकाने विसरू नये. ज्या ज्ञानदेवांस शुद्धिपत्र मागावे लागले, त्यांचे हे जिवलग स्नेही.

गुरूंच्या पश्चात माई भागो बिदरजवळच्या जनवाड्यास जाऊन राहिली व तेथेच तिचा अंत झाला. बिदर आज कर्नाटकात आहे. परंतु लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या माणसास बिदर परके नाही. सचखंड हुजूर साहिबच्या आवारात ‘बुंगा माई भागो’ या नावाची वास्तू आहे. तेथे जुनी शस्त्रे ठेवलेली आहेत. ज्यांना दिल्ली-लाहोरचा इतिहास पाठ आहे अशा पुष्कळ मराठी माणसांस, मुक्तसरची ती स्त्री आपल्या मराठवाड्यात राहून गेली, हे ठाऊक नसते.

आता कोणी म्हणेल, ते चाळीस रणात पडले, म्हणून त्यांना क्षमा करणे सोपे झाले. मेलेल्यास परत घेणे कठीण नाही. जिवंत परत येतो तेव्हा पंचाईत होते. आक्षेप रास्त आहे. परंतु शीख पंथाने जिवंतांसाठीही वाट बांधून ठेवली आहे. तिला ‘तनखाह’ म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ पगार. येथे तो धर्मनियम मोडल्याबद्दलचा दंड या अर्थी आला. चुकलेला माणूस संगतीसमोर हात जोडून उभा राहतो. पाच जण विचार करून दंड सांगतात. तो दंड बहुधा अंगमेहनतीच्या सेवेचा असतो : यात्रेकरूंचे जोडे पुसावे, लंगरातील भांडी घासावी, जमीन झाडावी, पाठ करावा. ठरलेली सेवा पुरी झाली की अरदास होते आणि त्या क्षणापासून तो इतरांसारखा होतो. अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेल्या आचारसंहितेत याविषयी दोन्ही बाजूंस बजावले आहे : संगतीने क्षमा करताना हट्ट धरू नये, आणि चुकलेल्याने दंडाविषयी हुज्जत घालू नये.

हा नियम लहानथोरांस सारखा आहे. दक्षिणेच्या वाटेवर नराणा येथे संत दादूंच्या समाधीस गुरू गोविंदसिंगांनी बाणाने वंदन केले. समाधीपुढे नमू नये हा तर त्यांचाच उपदेश. बरोबरच्या शिखांनी तेथल्या तेथे त्यांस अडविले व दंड सांगितला, आणि गुरूंनी तो आनंदाने भरला, असे परंपरा सांगते. पुढे महाराजा रणजितसिंगांसही अकाली फूलासिंगांनी अकाल तख्तापुढे उभे केले आणि फटक्यांची शिक्षा सांगितली. महाराजांनी मान लवविली, तेव्हा शिक्षा सौम्य झाली. त्याच रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात नांदेडचे आजचे मंदिर उभे राहिले. अलीकडच्या काळात, १९८८ साली, पंजाबचे मुख्यमंत्री राहिलेले सुरजितसिंग बर्नाला गळ्यात फलक घालून अकाल तख्तापुढे उभे राहिले, व सांगितलेली सेवा त्यांनी केली. पुढे ते केंद्रात मंत्री झाले, राज्यपाल झाले. दंड संपला होता, म्हणून तो संपलाच.

पंथात फुटी पडल्या नाहीत असे मात्र नाही. नांदेडच्या गोदातीरावर माधोदास नावाचा एक बैरागी राहत असे. गुरूंनी त्यास शिष्य केले. तोच बंदा बहादुर. १७१६ साली दिल्लीस त्याचा वध झाल्यावर त्याचे अनुयायी ‘बंदई’ म्हणून वेगळे राहू लागले. इतरांना ‘तत्त खालसा’ म्हणत. अमृतसरचे उत्पन्न कोणी घ्यावे येथवर तंटा गेला आणि १७२१ च्या बैसाखीस तलवारी उपसल्या जाण्याची वेळ आली. भाई मणिसिंग मध्ये पडले. दोन्ही पक्षांच्या नावाच्या चिठ्ठ्या सरोवरात सोडाव्या, जी वर राहील तो पक्ष खरा, असे ठरले. तत्त खालशाची चिठ्ठी वर आली. बंदईंपैकी पुष्कळ जण त्यानंतर मूळ प्रवाहात मिळाले. कौल चिठ्ठीने दिला, त्यामुळे हरलेल्यास माणसापुढे हार खावी लागली नाही. परत बोलवावयाचे असेल तर परतणाऱ्याची मान खाली जाणार नाही, अशी काही सोय करावी लागते. भाई मणिसिंगांनी ती केली.

मराठ्यांच्या इतिहासात अशी वाट कधी होतीच नाही काय? होती, आणि तिचाही एक धागा नांदेड जिल्ह्याशी येऊन मिळतो. आग्र्याहून शिवाजी महाराज निसटल्यावर, १६६६ च्या अखेरीस, मोगलांकडे असलेल्या नेताजी पालकरांस मराठवाड्यातील धारूर येथे कैद करण्यात आले. त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुलीखान हे नाव मिळाले व काबूलच्या बाजूस रवानगी झाली. सुमारे नऊ वर्षांनी ते दिलेरखानाच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले व महाराजांकडे परतले. १९ जून १६७६ रोजी त्यांस विधिपूर्वक स्वधर्मात घेण्यात आले. नांदेड जिल्ह्यातील तामसा येथे त्यांची समाधी दाखवितात.

फलटणच्या बजाजी निंबाळकरांची गोष्ट याहून जुनी. विजापूर दरबारी त्यांचे धर्मांतर झाले होते. त्यांस परत घेतले गेले. पण शुद्धीचे संस्कार झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला : आता यांच्या घरी मुलगी कोण देणार? महाराजांनी आपली कन्या सखुबाई बजाजींचे चिरंजीव महादजी यांस दिली. प्रायश्चित्ताचा मंत्र पुरोहित म्हणू शकतो. पण सोयरीक राजाने केली, तेव्हा शुद्धीवर लोकांचा विश्वास बसला.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सातारकर राजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशींवर १९०० साली जो निबंध वाचला, त्यात अशी आणखी उदाहरणे दिली आहेत. मोगलांनी पकडून बळेच बाटविलेला पुताजी बंडगर हा मराठा बाळाजी विश्वनाथांच्या फौजेत परत आला, तेव्हा शाहू महाराजांच्या आज्ञेने व भाऊबंदांच्या संमतीने त्यास जातीत घेतले. हैदराच्या कैदेत राहिलेल्या व जिवासाठी मुसलमानी रीतीने वागल्याचा संशय असलेल्या रास्ते आडनावाच्या ब्राह्मणासही ब्राह्मणांच्या संमतीने व सरकारच्या मंजुरीने परत घेतले. पुणतांबे व पैठण येथेही एकेक ब्राह्मण असाच पश्चात्ताप व प्रायश्चित्तानंतर जातीत आला. म्हणजे ज्या पैठणास ज्ञानदेवांस थांबावे लागले, त्याच पैठणास पाचशे वर्षांनी दार उघडले. शास्त्रालाही ते परके नव्हते. सिंधवर परचक्र आल्यानंतर रचलेल्या देवलस्मृतीत बळाने नेलेल्यांस परत घेण्याची प्रायश्चित्ते, वय व काळ पाहून, सांगितलेली आहेत. ग्रंथात वाट होती. ती चालण्याचे धैर्य मात्र दर पिढीस नव्याने आणावे लागले.

मग उणीव कोठे राहिली? उणीव अशी की, मराठी मुलखात ही वाट राजाच्या इच्छेवर अवलंबून राहिली. छत्रपती पाठीशी असतील तर नेताजी परत येई. गावच्या साध्या कुणब्यास तेवढे बळ कोठून येणार? बाजीराव पेशव्यांसारख्या समर्थ पुरुषासही मस्तानीच्या मुलाची मुंज करता आली नाही. तो समशेरबहादूर १७६१ साली पानिपतच्या रणात मराठ्यांच्या बाजूने लढून प्राणास मुकला. झेंडा आपला म्हणून मरण्याचा अधिकार त्यास मिळाला, पंगतीस बसण्याचा मिळाला नाही.

विसाव्या शतकात आर्य समाजाने शुद्धीचे काम संघटितपणे हाती घेतले. निजामी राज्यात उदगीर, लातूर या बाजूस या समाजाचे पाय रोवलेले होते. उदगीरचे भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल हे बंधू त्या चळवळीचे आधारस्तंभ. श्यामलाल १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मरण पावले. धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी आर्य समाजाने जो सत्याग्रह मांडला, तो १९३९ च्या ऑगस्टात मिटला. राजाच्या मंजुरीवाचून, साध्या माणसास, साध्या हवनाने आत घेण्याची रीत या समाजाने पाडली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु तो काळ शिरगणतीच्या चुरशीचा होता. दोन्हीकडून माणसे मोजली जात होती. माणूस केवळ आकडा म्हणून ओढला गेला, तर आकडा वाढविल्यावर त्याची वास्तपुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतोच. हवनकुंडाजवळ ज्यास टाळ्या मिळाल्या, त्यास दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर पाणी मिळाले काय, त्याच्या मुलीस स्थळ मिळाले काय, यावरच अशा कार्याची किंमत ठरते.

या सर्व कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे तीन गोष्टी दिसतात. एक, क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा हे आधीपासून ठरलेले असावे. नाहीतर परतणारा या दारातून त्या दारी फिरत राहतो. दुसरी, शिक्षेला मोजमाप व शेवट असावा. देहान्त अथवा पिढीजात बहिष्कार ही शिक्षा नव्हे, ती नकाराची दुसरी तऱ्हा होय. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट, शिक्षा संपल्यावर समाजाने विसरावे. पहिल्या दोन गोष्टी नियमांनी साधतात. तिसरी मात्र घराघरांतून, चुलीपाशी व लग्नमंडपात, साधावी लागते.

शीख पंथात ‘संगत’ आणि ‘पंगत’ हे दोन शब्द जोडीने उच्चारले जातात. दोन्ही शब्द मराठीतही आहेत. संगत म्हणजे एकत्र बसून भजन. पंगत म्हणजे एका ओळीत बसून अन्न. मराठी माणूस संगतीत उदार असतो. वाळवंटात कोणाच्याही पाया पडतो. त्याची परीक्षा होते ती पंगतीत. नांदेडच्या लंगरात आजही भांडी घासणारा माणूस कोण, हौसेने सेवा करणारा भाविक की दंड भोगणारा तनखाहिया, हे जेवणाऱ्यास ओळखता येत नाही. दोघेही त्याच राखेने तीच ताटे घासतात, आणि काम संपले की त्याच ओळीत जेवावयास बसतात.